जुन्या वाणांचे बी फ्रीझरमध्ये ठेवले की काम झाले का?

विचारणा थोडक्यात अशी: काही शेतकरी आणि कृषी पदवीधर मिळून पिकांची जुनी वाणे आणि त्यांच्या रानटी जाती गोळा करू पाहत आहेत. किती झाडांचे किती बी घ्यावे, ते कसे सुकवावे आणि एकदा डीप फ्रीझरमध्ये ठेवले की ते वाण वाचले असे समजावे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. फ्रीझरमध्ये ठेवल्याने वाण वाचत नाही, त्याला मुदत मिळते. थंडीतही बी हळूहळू मरतच असते. कधी ना कधी ते बाहेर काढून पेरावे लागते, त्याचे पीक घ्यावे लागते आणि ताजे बी परत आत ठेवावे लागते. जनुकपेढीच्या, म्हणजे पिकांचे बी जपून ठेवणाऱ्या संस्थेच्या, कामात इतकी वर्षे काढल्यावर माझे ठाम मत झाले आहे की किती नमुने गोळा करायचे हे फ्रीझरमधल्या जागेवरून ठरवू नये. एका हंगामात किती वाणे भेसळ न होऊ देता पुन्हा पिकवता येतील, यावरून ठरवावे. हा आकडा पाच असेल आणि तुम्ही पाचशे नमुने आणलेत, तर सगळ्यांची एक फेरी पूर्ण व्हायला शंभर हंगाम लागतील. तोवर निम्मे मेलेले असतील.

म्हणून बाहेर पडण्याआधी चौकशी करा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) २०१० च्या अहवालानुसार जगभरच्या जनुकपेढ्यांत सुमारे ७४ लाख नमुने होते, पण त्यांपैकी खरोखर एकमेकांपेक्षा वेगळे असे २५ ते ३० टक्केच असावेत, असा त्याच अहवालातला अंदाज आहे. बाकी सगळ्या प्रती. जेनेसिस नावाच्या जागतिक माहितीसाठ्यात पीक आणि ठिकाण टाकून पाहता येते, राष्ट्रीय जनुकपेढीलाही विचारता येते. जे आधीच सुरक्षित आहे ते पुन्हा आणण्यात शक्ती घालवू नका. नकाशावर जो भाग कोरा दिसतो, जे पीक कोणी नेलेलेच नाही, तिथे जा.

वाण निवडताना एक मोह मात्र टाळा. ‘हे काय कामाचे’ असा निवाडा शेतात उभे राहून करू नका. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जॅक हार्लन यांनी १९४८ मध्ये तुर्कस्तान (टर्की) देशाच्या पूर्व भागातून एक गहू आणला होता. उंच, बारीक काडीचा, वाऱ्याने लोळणारा, पानांवरच्या तांबेऱ्याला बळी पडणारा, थंडी न सोसणारा, पिठाची प्रतही वाईट. पंधरा वर्षे त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. मग अमेरिकेच्या वायव्य भागात पिवळ्या तांबेऱ्याची, म्हणजे तांबेऱ्याच्याच दुसऱ्या प्रकाराची, साथ आली आणि याच गव्हात त्या रोगाच्या चार प्रकारांना, शिवाय काणी रोगाच्या कितीतरी प्रकारांना प्रतिकार सापडला. तिथल्या पैदास कार्यक्रमांत तो मग सर्रास वापरला गेला. हार्लन यांनी दिसण्यावरून निवड केली असती तर तो गहू तिथेच राहिला असता.

आता किती झाडे, याकडे येतो. इथे अंदाजपंचे काम करायची गरज नाही, कारण हिशेब साधा आहे. एखाद्या जनुकाचे एक रूप त्या शेतातल्या पिकात पाच टक्के प्रमाणात आहे असे धरा. ते आपल्या नमुन्यात निदान एकदा तरी येण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर त्या जनुकाच्या एकमेकांशी संबंध नसलेल्या ५९ प्रती उचलाव्या लागतात. परपरागीकरण होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागाने बी धरणाऱ्या, पिकात प्रत्येक झाडात अशा दोन प्रती असतात, म्हणून तीस झाडे पुरतात. स्वपरागीकरणाच्या, म्हणजे स्वतःच्याच परागाने बी धरणाऱ्या, पिकात दोन्ही प्रती बहुधा सारख्याच असतात, म्हणून साठ लागतात. प्रत्यक्षात आपण ५० ते १०० झाडे म्हणतो, कारण सगळी झाडे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि वाटेत काही बी खराबही होते. शंभराच्या पुढे जाण्यात फारसा लाभ नाही. तो वेळ दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जमिनीतल्या शेताला द्या.

झाडे निवडताना शेतात तिरके चालत जा आणि ठरावीक पावलांवर जे झाड येईल त्याचे बी घ्या. सगळ्यात मोठे कणीस, सगळ्यात सुंदर शेंग याकडे हात जाणारच, आणि शेतकरीही कौतुकाने तेच पुढे करील. ते जरूर घ्या, पण वेगळ्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने. दोन्ही एकत्र झाले की तो नमुना त्या शेताचा राहत नाही, तुमच्या आवडीचा होतो. प्रत्येक झाडाचे साधारण सारखे बी घ्यावे, हेही त्याच कारणासाठी.

विरळ रूपांना मी एवढे महत्त्व का देतो, ते भाताच्या एका उदाहरणावरून कळेल. १९७० च्या सुमारास आशियात भातावर ग्रासी स्टंट या विषाणूने थैमान घातले. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले. प्रतिकार सापडला तो फक्त एका नमुन्यात: ओरायझा निवारा हा रानटी भात, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला. त्या नमुन्यातलीही सगळी रोपे प्रतिकारक नव्हती, थोडीच होती. गोळा करणाऱ्याने दोन-चार लोंब्या खुडून काम आटोपले असते तर ती रोपे हुकली असती. पुढे आयआर ३६ सारख्या, कोट्यवधी लोकांचे पोट भरणाऱ्या वाणात तोच प्रतिकार आला.

रानटी जातींबाबत एक बंधन पाळा. त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घेऊ नका. झाडे मोजकीच असतील तर त्याहूनही कमी घ्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा. जतन करायला गेलेल्या माणसाने जागेवरची जातच संपवली, असे व्हायला नको.

बी पिशवीत पडण्याआधी नोंद झाली पाहिजे. गोळा करणाऱ्याचा क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पिकाचे स्थानिक नाव, किती झाडांवरून घेतले, जमीन कशी आहे, पेरणी आणि काढणी कधी, पाण्याची सोय आहे की नाही, आणि मुख्य म्हणजे शेतकरी ते का ठेवतो. पीक सांभाळणाऱ्या घरात हे सगळ्यात जास्त बहुधा बाईला माहीत असते. कोणते बी उशिरा पेरले तरी चालते, कोणते शिजायला वेळ घेते, कशाला कीड लागत नाही, हे तिला विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या. रानटी झाडाचा फुलासकट नमुना दाबून वाळवून ठेवा, नाहीतर पुढे जात ओळखण्यावरून वाद होतात.

पत्ता नसलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि हे मी जोर देऊन सांगतो. गव्हावरच्या भुरी रोगाचा प्रतिकार शोधताना संशोधकांनी १६,०८९ नमुन्यांच्या संग्रहातून, जिथून ते आले तिथल्या हवामानाच्या आधारे, १,३२० निवडले आणि तेवढ्यातच एका महत्त्वाच्या प्रतिकारक जनुकाची सात नवी कार्यक्षम रूपे त्यांना मिळाली. २००९ चे हे काम आहे. ही चाळण फक्त ठिकाणाच्या नोंदीमुळे शक्य झाली. जुन्या संग्रहांत ‘बाजारातून घेतले’ एवढेच लिहिलेले नमुने असतात, त्यांना असल्या चाळणीत जागाच नसते.

आता सुकवणे. बहुतेक संग्रह इथेच बिघडतात आणि ते वर्षानुवर्षे कळतही नाही. बी पूर्ण पक्व झाल्यावरच घ्या, कापडी किंवा कागदी पिशवीत ठेवा आणि बंद गाडीत उन्हात सोडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले बी दोन दिवस राहिले तरी ते तापते, बुरशी धरते आणि त्याचे पुढचे आयुष्य कमी होते, मग उगवण आज कितीही चांगली दिसो. जनुकपेढ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत गोळा केलेले बी तीन ते पाच दिवसांत सुकवणीच्या खोलीत पोहोचावे असे म्हटले आहे, ते याचसाठी.

बियांच्या आयुष्याचा एक जुना ढोबळ नियम बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांचा आहे: बियांतला ओलावा एक टक्क्याने उतरला की आयुष्य दुप्पट, आणि तापमान सुमारे पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट. नियम साधारण पाच ते चौदा टक्के ओलाव्याच्या दरम्यानच लागू पडतो, पण हिशेब करून बघा. बारा टक्क्यांवरून सात टक्क्यांवर सुकवले तर पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पट. तीस अंशांवरून पाच अंशांवर आणले तरी पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पटच. नीट सुकवणे फ्रिजइतकेच काम करते, आणि सुकवलेल्या बियाला वीज लागत नाही. पैसे कमी असतील तर आधी सुकवण्यावर खर्च करा. उलट ओलसर बी डीप फ्रीझरमध्ये गेले तर आत बर्फाचे कण होऊन पेशी फुटतात आणि ते सरळ मरते.

मोठ्या पेढ्यांत यासाठी थंड आणि कोरडी खोली असते. मानकांत ५ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते २५ टक्के आर्द्रता दिली आहे. तुमच्याकडे ती नसणार. मग आधी सावलीत, वाहत्या हवेत, पातळ थर पसरून सुकवा. भर उन्हात नको, ओल्या बियाला उष्णता फार घातक असते. त्यानंतर घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेल घ्या, निदान बियांच्या वजनाइतके, आणि बी जाळीदार पिशवीत घालून त्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. बी सुकले की नाही हे दाताखाली फोडून ठरवू नका. छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि बी एका कोरड्या, जवळजवळ भरलेल्या हवाबंद बरणीत एक दिवस ठेवा, या वेळी जेल घालू नका. आतली आर्द्रता १५ ते २० टक्क्यांच्या आसपास दाखवली तर बी तयार आहे. अशा वेळी तृणधान्यांच्या बियांतला ओलावा साधारण पाच-सात टक्के निघतो, तेलबियांत त्याहून कमी. या पद्धतीत पिकागणिक वेगळा तक्ता लागत नाही, म्हणून मला ती फार आवडते.

सुकलेले बी अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या जाड पाकिटात सील करा किंवा रबरी कडेच्या काचेच्या बरणीत भरा. पाकिटावर क्रमांक लिहा आणि आतही एक चिठ्ठी घाला, कारण बाहेरची शाई पुसली जाते. लांब मुदतीसाठी उणे १८ अंश, मधल्या मुदतीसाठी ५ ते १० अंश. फ्रीझरमधून काढलेले पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतले बाष्प थेट बियांवर बसते आणि महिन्याभराची सुकवणी वाया जाते.

हे सगळे ज्यांचे बी सुकवणे सोसते त्यांच्यापुरते. आंबा, फणस, लिची, कोको, नारळ यांचे बी सुकवले की मरते. कॉफी मधल्या गटात मोडते, ती थोडे सुकणे सोसते पण थंडी सोसत नाही. बटाटा, केळी, ऊस यांचे वाण बियाने तसेच्या तसे उतरतच नाही. अशा पिकांसाठी एक तर झाडांची बाग ठेवावी लागते, नाहीतर ऊतीसंवर्धन (प्रयोगशाळेत काचेच्या नळीत रोप वाढवणे), नाहीतर उणे १९६ अंशांवरचा द्रवरूप नायट्रोजन. केळीचा जागतिक संग्रह बेल्जियममधल्या लूव्हेन इथे काचेच्या नळ्यांत आणि नायट्रोजनमध्ये ठेवलेला आहे. लहान गटाने यातली बाग तेवढी करावी, प्रत्येक वाणाची निदान तीन झाडे, आणि तीच वाणे दुसऱ्या कोणाच्या जमिनीतही.

ठेवण्याआधी उगवण तपासा. शक्य तर दोनशे बिया, पन्नास-पन्नासच्या चार गटांत, ओल्या कागदात. लागवडीच्या पिकांत ८५ टक्क्यांवर उगवण असली की साठवायला हरकत नाही. रानटी जातींत कमी आली तर लगेच बी मेले असे समजू नका, ते सुप्तावस्थेत असू शकते. गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोचे बी टोमॅटोचे संशोधक चार्ल्स रिक यांच्याकडे एरवी नीट रुजत नव्हते, तिथल्या महाकाय कासवांच्या पोटातून गेल्यावर मात्र ते चांगले रुजले. टरफल खरवडणे, थंडीत ओले ठेवणे असे उपाय करून पाहा, मगच निष्कर्ष काढा. तपासणीत बी खर्च होते, हेही ध्यानात असू द्या. एकूण पाचशेच बिया असतील तर दोनशेची चाचणी परवडणार नाही, पन्नासांवर भागवा. पुढच्या तपासण्या दर पाच-दहा वर्षांनी, कांदा, भुईमूग, सोयाबीन अशा लवकर मरणाऱ्या बियांच्या त्याहून लवकर.

उगवण सुरुवातीला जेवढी होती तिच्या ८५ टक्क्यांखाली आली, किंवा बी संपत आले, की पुन्हा पिकवायचे. या टप्प्यावर संग्रहाची सगळ्यात जास्त हानी होते. फ्रीझर बंद पडला की निदान कळते. इथे हरवलेले डोळ्यांना दिसत नाही, पाकिटावर तोच क्रमांक असतो आणि आत वेगळेच काही.

मघाचाच हिशेब उलटा करा. मक्यासारख्या परपरागीकरणाच्या पिकाचे बी दहाच झाडांवर पुन्हा घेतले, तर पाच टक्क्यांचे ते विरळ रूप एका फेरीत हरवण्याची शक्यता ३६ टक्के असते. शंभर झाडांवर घेतले तर ती जवळजवळ शून्य होते. म्हणून मका, बाजरी, कांदा यांना शंभर झाडे हवीत, आणि आजूबाजूला त्याच पिकाचे दुसरे वाण फुलात असता कामा नये. अंतर ठेवा, किंवा पेरणीच्या तारखा अशा ठेवा की फुलोरे एका वेळी येणार नाहीत. मक्यात कणसांना पिशव्या बांधून हाताने पराग टाकता येतो. कांद्याच्या एकेका गोंड्याला पिशवी बांधून मात्र फारसे बी मिळत नाही, कारण पराग आधी झडतो आणि स्त्रीकेसर मागून तयार होतो. तिथे अनेक झाडांवर मिळून जाळीचा पिंजरा करून आत मधमाश्या किंवा माश्या सोडाव्या लागतात. वांगी, मिरची, तूर, ज्वारी स्वतःचे परागीकरण करतात असे मानून लोक निर्धास्त राहतात, पण त्यांच्यातही परागांची देवघेव चांगलीच होते. त्यांनाही जाळी किंवा पिशवी हवीच. गहू, भात, वाटाणा, हरभरा यांत थोड्या अंतराने भागते.

काढणीला प्रत्येक झाडाचे सारखेच बी घ्या. जोमदार झाडाने जास्त दिले म्हणून त्याचे जास्त भरले, की दोन-तीन फेऱ्यांत तुमच्या शेताला मानवणारीच झाडे उरतात. ‘वेडीवाकडी’ झाडे उपटून वाण शुद्ध करण्याची सवयही इथे सोडावी लागते, ती विविधताच आपण सांभाळत आहोत. शक्य तर मूळ ठिकाणच्या हवामानासारख्या जागी पिकवा. आणि नवे बी जुन्या पाकिटात कधीही मिसळू नका. मुळातले थोडे बी बाजूला असेल तर पुढे शंका आल्यावर ताडून पाहता येते.

प्रत्येक नमुन्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत, खरे तर दुसऱ्या गावी हवी. फिलिपिन्सच्या राष्ट्रीय जनुकपेढीत २००६ च्या वादळात पुराचा चिखल शिरला आणि २०१२ मध्ये तिला आग लागली. सीरियात अलेप्पोजवळ इकार्डा या कोरडवाहू शेतीवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा गहू, बार्ली, मसूर यांचा मोठा संग्रह होता, तो यादवीत हाताबाहेर गेला. पण त्याच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या तिजोरीत, म्हणजे जगभरच्या बियांच्या प्रती ठेवणाऱ्या साठ्यात, होत्या. २०१५ मध्ये त्या काढल्या, लेबनॉन आणि मोरोक्कोत पिकवल्या आणि २०१७ मध्ये ताजे बी परत स्वालबार्डला पाठवले. तिथेही कामी आली ती पिकवणारी माणसे आणि जमीन. तुमच्या संग्रहाची प्रत राष्ट्रीय जनुकपेढीला देऊ करा, मात्र अटी आधी लेखी ठरवा.

कायद्याबद्दल थोडक्यात. जैवविविधता करारानुसार वनस्पती-संपत्तीवर त्या-त्या देशाचा हक्क आहे, म्हणून परवानगी कोणाकडून घ्यायची ते आधी विचारा. शेतकऱ्याची संमती तर हवीच, बी कशासाठी नेतोय ते त्याला स्पष्ट सांगून. पिकांच्या जनुकीय संपत्तीबद्दलच्या २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारात ठरावीक ६४ पिके आणि चारा वनस्पती ठरलेल्या समान अटींवर देता-घेता येतात. सोयाबीन, भुईमूग, टोमॅटो त्या यादीत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते.

शेवटी शेताबद्दल, कारण पेढीतल्या बियांचा बदल गोळा केल्याच्या दिवशी थांबतो. शेतातले वाण दरवर्षी नव्या रोगाला, नव्या पावसाला सामोरे जाऊन बदलत राहते, आणि ते काम फ्रीझर करू शकत नाही. म्हणून ज्यांच्याकडून बी आणले त्यांच्याशी नाते ठेवा. त्यांचे बी दुष्काळात गेले तर परत देता आले पाहिजे, आणि त्यांना ते पेरत राहावेसे वाटेल असा काही उपयोग, बाजार किंवा मदत उभी करता आली तर जरूर करा. माझ्या लेखी हे काम संग्रहाच्या तोडीचे आहे.

पहिल्या वर्षी पंधरा-वीस नमुन्यांच्या पुढे जाऊ नका. त्यांत परपरागीकरणाची पिके दोन-तीनच ठेवा. आधी बरण्या, सिलिका जेल, आर्द्रतामापक आणि नोंदवही घ्या, फ्रीझर पुढच्या वर्षी. तुमच्याकडे कोणती पिके आहेत, किती जमीन वेगळी ठेवता येईल आणि शेजारी काय पेरले जाते, एवढे कळवलेत तर कोणते वाण कोणत्या हंगामात पिकवायचे याचे वेळापत्रक आखून देईन.